किंमत लवकरच

पुढच्या वर्षाच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची लांबी मला मिलिमीटरपर्यंत पाठ आहे. डिकीत किती लिटर सामान मावतं, मागची सीट पाडली तर किती मावतं, पुढच्या बॉनेटखालच्या चिमुकल्या कप्प्यात चार्जिंगची केबल गुंडाळून बसते की नाही, काहीही विचारा. सात रंगांपैकी पाच मला नको आहेत, हेही ठरलेलं आहे. बॅटरी दोन आकारांत मिळणार, चार्जिंग पोर्टची जागा बदलणार, मागच्या काचेला एकदाचा वायपर बसणार. इतकं सगळं जाहीर करून कंपनीने शेवटच्या रकान्यात गेल्या मंगळवारपर्यंत दोनच शब्द ठेवले होते: किंमत लवकरच.

हे ‘लवकरच’ मी पाच महिने रोज सकाळी वाचत होते. डोळे पुरते उघडायच्या आधी हात फोनकडे जायचा. पान उघडायचं, खाली सरकायचं, रकाना बघायचा, पान मिटायचं. त्या पानावर माझ्याइतकं निष्ठेने कंपनीचं तरी कुणी जात होतं का, शंका आहे.

घरात ‘बाजारात तुरी’ची सगळी प्रकरणं यथासांग पार पडली. चार्जर भिंतीच्या कुठल्या बाजूला लावायचा यावरून एक संध्याकाळ गेली. सीटचा रंग फिका असावा की गडद, यावरून दोन. शेवटी नवरा म्हणाला, “अगं, गाडी यायचीय, किंमत यायचीय, आणि आपण डाग कसे काढायचे यावर बोलतोय.” मुलगी म्हणाली, “बाबा, तिला बोलू द्या. गाडी आली की आईला बोलायला विषय उरणार नाही.” हे तिने फार सहज म्हटलं, आणि मला ते फार लागलं.

दरम्यान आमची जुनी पेट्रोल गाडी. तिचे चारही टायर गुळगुळीत झालेले. गॅरेजवाल्या दादांनी बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाले, “ताई, गाडी काढणार असाल तर खर्च करू नका. ठेवणार असाल तर चारही टाका. काय ते एकदा सांगा.” मी म्हटलं, “किंमत कळली की सांगते.” त्यांना वाटलं टायरच्या किमतीबद्दल बोलते आहे. त्यांनी लगेच आकडा सांगितला.

या वाट बघण्याचं मूळ त्या जुन्या गाडीतच आहे. गाडीच्या चेसिस नंबरात सतरा अक्षरं-आकडे असतात. त्यातलं दहावं अक्षर बऱ्याच गाड्यांत मॉडेल वर्ष सांगतं, उत्तर अमेरिकेत तर ते सक्तीचंच आहे. ‘ए’ म्हणजे २०१०, ‘बी’ म्हणजे २०११, असं पुढे. आय, ओ, क्यू ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून वगळलेली. वर्षासाठी यू आणि झेडही नाहीत. तीस वर्षांनी पुन्हा ‘ए’. आमच्या गाडीवर ‘सी’ आहे, म्हणजे २०१२. ती घेतल्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी ‘डी’ आली. तीच गाडी, तीच किंमत, दोन एअरबॅग जास्त आणि मागे कॅमेरा. शोरूममधल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही. पेढी कुठली ते सांगत नाही. तिथलं आता कुणी उरलंही नसेल. पण तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘ही कशी आहे’ हा नसतो. ‘हिच्या मागून कोण येतंय’ हा असतो.

मॉडेल वर्ष ही मुळात फार चतुर कल्पना आहे. वर्ष म्हणावं तर ते वर्ष नसतं. अमेरिकन नियमाप्रमाणे एका मॉडेल वर्षात १ जानेवारी ही तारीख एकदाच यावी लागते. म्हणजे आदल्या वर्षीच्या २ जानेवारीपासूनही ‘पुढच्या वर्षाची’ गाडी निघू शकते. कॅलेंडरपेक्षा जवळजवळ वर्षभर पुढे धावणारी तारीख. जिला ‘ताजी’ म्हणून घरी आणायचं, ती कागदावर अजून जन्मायची असते.

हे वेड लावलं त्याचं श्रेय मुख्यतः आल्फ्रेड स्लोन यांच्याकडे जातं. १९२३ साली ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. समोर हेन्री फोर्ड होते, ज्यांनी १९०८ ते १९२७ एकच मॉडेल टी बनवली, दीड कोटीहून जास्त. फोर्डने गाडी फारशी बदलली नाही, किंमत मात्र खाली आणत नेली. सुरुवातीला ८५० डॉलरच्या घरात असलेली ही गाडी १९२०च्या दशकाच्या मध्यावर तिच्या सर्वांत स्वस्त रूपात २६० डॉलरला मिळू लागली. स्लोननी उलटा रस्ता धरला. किंमत कशाला उतरवायची? दर वर्षी गाडीच थोडी बदलू. १९२७ मध्ये त्यांनी हार्ले अर्ल या डिझायनरला आणून गाडीच्या रूपरंगासाठी वेगळा विभागच उघडला. शेजाऱ्याच्या दारात यंदाची गाडी उभी राहिली की आपली आपोआप जुनी होते, तिच्यात काहीही न बिघडता. फोर्डला शेवटी मॉडेल टी बंद करावी लागली.

फोर्डच्या गाडीची वाट बघणारा माणूस किमतीची वाट बघत होता आणि स्लोनच्या गाडीची वाट बघणारा नव्या बंपरची. दोघांचं तसं बरं चाललं होतं. इलेक्ट्रिक गाडीने ही दोन्ही दुखणी एकाच माणसाला जडवली. दर वर्षी गाडी बदलते, आणि किंमतही हलते. पेट्रोल गाडीत नवीन वर्ष म्हणजे बहुतेक वेळा नवी जाळी आणि वेगळे दिवे, यात माझी तरी फसगत झाली नसती (एअरबॅगचं सोडा). इलेक्ट्रिकमध्ये बदलतो तो गाडीचा जीवच.

एकच उदाहरण घेते. निसान लीफ डिसेंबर २०१० मध्ये रस्त्यावर आली. २४ किलोवॉट-तासांची बॅटरी, अमेरिकन चाचणीत एका चार्जमध्ये ७३ मैल, म्हणजे ११७ किलोमीटर. तिथली सुरुवातीची किंमत ३२,७८० डॉलर. बॅटरी गार ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती, आणि कडक उन्हाच्या प्रदेशात पहिल्यापहिल्या गाड्यांची क्षमता लवकर घटली. २०२६च्या मॉडेल वर्षाची लीफ २९,९९० डॉलरपासून जाहीर झाली, ३०३ मैलांपर्यंतच्या रेंजची, द्रवाने थंड राहणाऱ्या बॅटरीसह. मधल्या पंधरा वर्षांत बाकी सगळं महागलं. ही गाडी चौपट लांब जाऊ लागली आणि डॉलरच्या नुसत्या आकड्यातही स्वस्त झाली. असं असताना मी थांबू नको तर काय करू?

यामागे काय आहे ते बॅटरीच्या किमतीत दिसतं. ब्लूमबर्गएनईएफ ही संस्था दर वर्षाअखेर लिथियम-आयन पॅकच्या सरासरी किमतीची पाहणी काढते. २०२३ची सरासरी दर किलोवॉट-तासाला १३९ डॉलर होती, २०२४ची ११५. मी वहीत मांडलं: माझ्या मनातल्या गाडीची बॅटरी साधारण ६० किलोवॉट-तासांची. म्हणजे ८,३४० डॉलरवरून ६,९००. एका वर्षात चौदाशे चाळीस डॉलर, मी नुसती बसून राहिले म्हणून. सरासरीला अर्थात फार अंगाला लावून घ्यायचं नसतं. चीनमधले पॅक यापेक्षा बरेच स्वस्त पडतात, युरोप-अमेरिकेतले महाग. तरी वही मिटताना मला कमाई केल्यासारखं वाटलं.

पण त्याच पाहणीत २०२२चाही आकडा आहे, १५१ डॉलर, आणि तो आदल्या वर्षीपेक्षा जास्त होता. पाहणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच किंमत चढली होती. त्या वर्षाअखेर चीनमध्ये बॅटरीला लागणाऱ्या लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास पोचला होता. २०२४च्या अखेरीस तो एक लाखाच्याही खाली होता. म्हणजे २०२१ मध्ये ‘पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ म्हणून थांबलेला माझ्यासारखा शहाणा २०२२ मध्ये महाग गाडीसमोर उभा होता, आणि तेव्हा वैतागून घेऊन टाकणारा पुढच्या वर्षी पुन्हा कपाळावर हात मारत होता. फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकचं बेस मॉडेल २०२२ मध्ये ३९,९७४ डॉलरला आलं. चढत चढत मार्च २०२३ पर्यंत ते ५९,९७४वर गेलं आणि जुलैमध्ये ४९,९९५वर उतरलं. गाडी तीच. वर्षा-सव्वावर्षात तिने पायऱ्या चढून उतरून दाखवल्या. टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मॉडेल वाय लाँग रेंजची किंमत ६५,९९० वरून एकदम ५२,९९० केली. डिसेंबरात ज्यांनी घेतली असेल त्यांचं काय झालं असेल? चीनमध्ये तर अशाच कपातीनंतर आधीचे ग्राहक थेट शोरूमवर जाऊन जमले. त्या बातमीतला फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. त्यातली प्रत्येक व्यक्ती मीच होते, २०१२ सालची.

जुन्या दुकानांत एक पाटी असायची, ‘आज रोख, उद्या उधार’. उद्या या, पाटी तीच. इलेक्ट्रिक गाडीच्या दुकानात ती उलटी टांगलेली आहे: आज महाग, उद्या स्वस्त. आणि ही पाटी खोटी नाही, हीच खरी पंचाईत. खोटी असती तर कधीच सुटले असते.

थांबून हात चोळत बसलेल्यांच्याही कहाण्या मी जमवल्या, स्वतःला भीती घालायला. जनरल मोटर्सच्या शेवरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीची घ्या. २०२३च्या मॉडेलची किंमत कंपनीने सुमारे सहा हजार डॉलरने उतरवली. चांगली, साधी, स्वस्त गाडी. मी तिथे असते तर म्हटलं असतं, आता २०२४ बघू, अजून उतरेल. २०२४ची बोल्ट आलीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादनच थांबलं, आणि ते नाव परत आलं ते थेट २०२७च्या मॉडेल वर्षासाठी. आपण पुढच्या वर्षाची वाट बघतो तेव्हा पुढचं वर्ष येईलच हे गृहीत धरतो. कॅलेंडरच्या बाबतीत ते बरोबर असतं.

जर्मनीचं तर अंगावर येतं. शनिवार, १६ डिसेंबर २०२३. सरकारने जाहीर केलं की इलेक्ट्रिक गाडीचं अनुदान संपलं; रविवारनंतर नवा अर्ज घेणार नाही. अर्ज करता यायचा तो गाडीची नोंदणी झाल्यावर. म्हणजे ज्यांनी विचार केला, ठरवलं, बुकिंग केलं आणि आता डिलिव्हरीची वाट बघत बसले होते, त्यांच्याही हातून ते गेलं. हे लोक माझ्यासारखे कुंपणावरचे नव्हते. त्यांनी उडी मारली होती, आणि ते हवेत असताना पलीकडची जमीन सरकली. काही कंपन्यांनी नंतर ती रक्कम आपल्या खिशातून भरून दिली, पण त्या शनिवारी रात्री कुणाला झोप लागली असेल?

आणि हे वाचून घाईला शहाणपण म्हणावं, तर अमेरिकेत उलटंच. तिथली साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. शेवटच्या आठवड्यांत लोक धावले. आणि ऑक्टोबर लागताच ह्युंदाईने आपल्या २०२६च्या आयोनिक ५ या इलेक्ट्रिक गाडीची किंमत, व्हेरियंटनुसार, ९,८०० डॉलरपर्यंत कमी करत असल्याचं जाहीर केलं. धावलेले आणि बसून राहिलेले, दोघांचीही शेवटी जवळपास तीच बेरीज.

आधी किंमत सांगून मग वाट बघायला लावणं हाही एक प्रकार आहे. ३१ मार्च २०१६ला टेस्लाने मॉडेल ३ दाखवली, ३५,००० डॉलर म्हणून. गाडी दिसायच्या आधीच लोक दुकानांबाहेर रांगा लावून हजार-हजार डॉलर भरत होते. पहिल्या गाड्या जुलै २०१७ मध्ये दिल्या गेल्या, त्या महागड्या व्हेरियंटच्या. ३५,००० डॉलरची गाडी प्रत्यक्ष मागवता येऊ लागली तेव्हा फेब्रुवारी २०१९ संपत होता. टेस्लाच्याच सायबरट्रक या पिकअपचा आकडा २०१९ मध्ये ३९,९०० होता. २०२३च्या नोव्हेंबरात पहिल्या गाड्या देताना यादीतलं सर्वांत स्वस्त रूप ६०,९९० डॉलरचं होतं. त्यामानाने माझी कंपनी प्रामाणिक म्हणायची. दोन शब्दांवर तिने काही वाढवलं नव्हतं.

या दोन शब्दांबद्दल माझी एक पक्की समजूत होती. किंमत ठरलेली आहे, कुठल्या तरी टेबलाच्या खणात, बंद पाकिटात ती पडलेली आहे, आणि योग्य मुहूर्तावर कुणीतरी ते फोडणार आहे. परीक्षेचा निकाल लागलेला असतो, फक्त लावायचा असतो, तसं. म्हणून मला रागही यायचा. सांगायला काय जातं यांचं?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बरीच वर्षं गाड्यांच्या धंद्यात किमती ठरवणाऱ्या टेबलावर होते. आता निवृत्त आहेत. एका लग्नात जेवणाच्या रांगेत मी त्यांना पाकिटाचं विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “पाकीट नसतंच हो. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंत आमच्याकडे तीन याद्या असायच्या. तिन्ही खऱ्या.” मग म्हणाले, “तुम्ही आमची वाट बघता ना? आम्ही तुमची बघत असतो.”

मला आधी ही गंमत वाटली. रांग हलेपर्यंत त्यांनी उलगडून सांगितलं. समोरचा काय किंमत लावतोय ते बघायचं असतं, आणि समोरचाही तुमच्यासाठी थांबलेला असतो. चलनाचा भाव बघायचा असतो. अनुदानाची रेषा कुठे आहे ते बघायचं असतं. ब्रिटनमध्ये २०२५ साली आलेलं अनुदान ३७,००० पौंडांपर्यंतच्याच गाड्यांना आहे. अशी रेषा आखली की तिच्या जवळपास असलेल्या किमती आतल्या बाजूला येऊन बसतात, पाऊस आला की लोक छपराखाली येतात तशा. “आणि सगळ्यात महत्त्वाचं,” ते म्हणाले, “जुना माल किती उरलाय. यंदाच्या गाड्या आवारात उभ्या असताना पुढच्या वर्षीची किंमत कमी आहे असं सांगून टाकलं, तर यंदाची घेणार कोण?”

या भीतीला धंद्यात नावही आहे. ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये एक कॉम्प्युटर काढला होता, उचलून नेता येईल असा, म्हणजे अकरा किलोंचा. धडाक्यात खपला. १९८३ मध्ये कंपनी पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलबद्दल बोलू लागली; लोकांनी हातातलं घेणं थांबवलं; आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं आणखीही होती असं जाणकार सांगतात, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. येणाऱ्या वस्तूच्या नुसत्या बातमीने आजची वस्तू मरते तो ऑस्बॉर्न परिणाम.

म्हणजे ‘किंमत लवकरच’ हे गुपित नव्हतं. लपवायला काही नव्हतंच, कारण ठरलेलं काही नव्हतं. आणि ठरण्यात माझाही हात होता. मी यंदाची गाडी घेत नव्हते म्हणून यंदाची गाडी आवारात उभी होती. आवारात गाड्या उभ्या होत्या म्हणून नवी किंमत सांगता येत नव्हती. नवी किंमत कळत नव्हती म्हणून मी यंदाची घेत नव्हते. दारात दोन माणसं समोरासमोर येतात, एक म्हणतो ‘तुम्ही आधी’, दुसरा म्हणतो ‘नाही, तुम्ही’, आणि मागे लोक खोळंबतात. आमच्या दारात मागे खोळंबले होते ते गॅरेजवाले दादा. त्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता.

हे कळल्यावर वाट बघणं सोपं व्हावं ना? उलट अवघड झालं. निकालाची वाट बघताना माणसाला करण्यासारखं काही नसतं, त्यात एक आराम असतो. आता मला रोज वाटू लागलं की आपण न घेणं हीसुद्धा एक बोली आहे, आणि ती आपण उगाच फार आधी लावतोय की काय. शोरूममधून एका मुलाचा फोन यायचा. फार गोड बोलायचा. “मॅडम, यंदाच्याच मॉडेलवर खास सवलत आहे, या महिन्यापुरती.” पुढच्या महिन्यात सवलत वाढलेली असायची, तीही त्या महिन्यापुरती. तिसऱ्या महिन्यात त्यानेच विचारलं, “मॅडम, तुमचा अंदाज काय, नवीन कितीला येईल?” त्याच्या आवाजात विक्रीची युक्ती नव्हती. त्यालाही खरंच जाणून घ्यायचं होतं. मी माझी बॅटरीची बेरीज त्याला सांगितली आणि त्याने ती लिहून घेतली. आता ती कुठल्या यादीत गेली कोण जाणे.

यंदाची गाडी वाईट होती का? मुळीच नाही. मी दोनदा चालवून आले होते. नव्या वर्षात रेंज थोडी वाढणार, पोर्ट बदलणार, वायपर. वायपरशिवाय लोक वर्षानुवर्षं ती गाडी मजेत चालवताहेत. शिवाय या गाड्यांत घेतल्यानंतरही सॉफ्टवेअर बदलत राहतं, एका रात्रीत स्क्रीनवर नवीन बटण उगवतं, म्हणजे मॉडेल वर्षाची भिंतही पूर्वीइतकी जाड नाही. हे सगळं मी स्वतःला समजावून झालं होतं. समजुतीने सवय सुटत नाही.

एका रविवारी मुलीने खेळ काढला. तिघांनी चिठ्ठीवर आपापला अंदाज लिहायचा, घडी घालायची, बटणांच्या जुन्या डब्यात टाकायची. किंमत आली की डबा उघडायचा; ज्याचा आकडा जवळचा त्याने रंग निवडायचा. मी लिहायला दहा मिनिटं घेतली. नवरा म्हणाला, “पेपर काढते आहेस का?” कंपनीकडे नसलेलं पाकीट अशा रीतीने आमच्या घरी तयार झालं.

मंगळवारी आकडा आला. त्या दिवशी नेमकं मी सकाळी पान उघडलं नव्हतं. गाडी गॅरेजमध्ये होती, ब्रेकचा आवाज येत होता म्हणून, आणि मी बाहेरच्या बाकावर बसले होते. मुलीचा मेसेज आला, नुसता आकडा, पुढे-मागे काही नाही. आधी मला तो कुठला तरी ओटीपी वाटला.

यंदाच्या गाडीपेक्षा किंमत कमी होती. फार नाही, पण कमी. खाली बारीक अक्षरांत होतं ते मी घरी येऊन वाचलं: हा आकडा लहान बॅटरीचा, आणि ते व्हेरियंट सहा महिन्यांनी येणार. आता मिळेल ते मोठ्या बॅटरीचं, यंदाच्यापेक्षा थोडं महाग, कारण यंदा वेगळं घ्यावं लागणारं बरंच काही त्यात आतच आहे. म्हणजे स्वस्त की महाग? दोन्ही बाजूंनी तासभर वाद घालता येईल. आम्ही घातला.

मग डबा उघडला. नवऱ्याचा आकडा जवळपास बरोबर होता. त्याने शोरूममधल्या मुलालाच विचारून लिहिला होता, हे त्याने नंतर कबूल केलं. माझी चिठ्ठी उघडली तेव्हा दोघंही गप्प झाले. माझा आकडा इतका खाली होता की त्या किमतीत नुसती बॅटरी, चाकं आणि थोडाफार पत्रा आला असता. महिनोन्महिने किलोवॉट-तासांचे गुणाकार करणाऱ्या बाईने हा आकडा अंदाज म्हणून लिहिला होता, असं मलाही म्हणवेना. जो कधी येणारच नाही असा आकडा मी दहा मिनिटं विचार करून शोधला होता.

मुलीच्या चिठ्ठीवर आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘कितीही येऊ दे. आई म्हणणार, बघू.’

रंग कुणी निवडायचा यावर अजून निकाल लागलेला नाही. तिचं म्हणणं, सगळ्यात अचूक तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन. “ताई, झाली का किंमत?” एवढ्या दिवसांत त्यांनाही कळलं होतं मी कुठल्या किमतीबद्दल बोलते ते. म्हटलं, झाली. “मग टायरचं काय करू? चारही टाकू की राहू दे?”

समोर लॅपटॉपवर बुकिंगचं पान उघडं होतं. नाव, पत्ता, व्हेरियंट भरून झालं होतं. खाली लिहिलं होतं, डिलिव्हरीची अंदाजे तारीख लवकरच.

“दादा,” मी म्हटलं, “दोनच टाका.”